जुने विनोदवीर: हशा नेमका कुठून यायचा?

गावठी_मिरची
काल टीव्हीवर 'झपाटलेला' लागला होता. बघताना तात्या विंचू बाजूलाच राहिला आणि आठवले अर्धवटराव, ते बोलके बाहुले. तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्यांचा, अर्धवटराव त्यांच्या वडिलांच्या, य. के. पाध्यांच्या वेळेपासूनचे.

शब्दभ्रमातली, म्हणजे ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करण्यातली, खरी कसरत पाच अक्षरांची: प, फ, ब, भ, म. ओठ मिटल्याशिवाय ही निघत नाहीत, आणि ओठ मिटले की चोरी पकडली. मग जिभेचं टोक वरच्या दातांमागे लावून 'ब'च्या जागी 'द', 'प'च्या जागी 'त', 'म'च्या जागी 'न' सरकवायचा. सुटं 'बाबा' म्हटलं तर 'दादा'च ऐकू येतं. पण 'बाबा बाजारात गेले' हे झपकन म्हटलं की ऐकणाऱ्याचा कान आपणच दुरुस्ती करून घेतो. म्हणून अवघड शब्द वाक्याच्या शेवटी कधी ठेवायचा नाही. नवशिके हमखास तिथेच ठेवतात. दुसरी चूक म्हणजे बाहुला बोलत असताना प्रेक्षकांकडे बघणं. तुम्ही बाहुल्याकडे बघितलंत तरच लोक बाहुल्याकडे बघतात.

तुमच्या आवडत्या विनोदवीरांचं असं बारीकसारीक लिहा. 'महान कलाकार' वगैरे नको, ते माहितीये.

खडीसाखर
दादा कोंडके!!! बाकी कुकर उतरवून लिहिते.

सांगलीकर_७
काळू-बाळू कुणी काढले नाहीत अजून? कवलापूरचे जुळे भाऊ, लहू आणि अंकुश खाडे. 'जहरी प्याला' वगातले दोन हवालदार.

वगात, म्हणजे तमाशातल्या नाटकात, गोष्ट ठरलेली असते, बोलणं बरंचसं आयत्या वेळचं. सरदार सरळ विचारतो, सोंगाड्या, म्हणजे तमाशातला विनोदी नट, शब्दाचं शेपूट धरून वाकडं उत्तर देतो. लोकांना वाटतं सगळं काम सोंगाड्याचं. अहो, सरदार जर हसला ना, तर विनोद तिथंच मेला! त्यानं चिडायचं, पुन्हा तेच विचारायचं. तिसऱ्या वेळी हशा दुप्पट. चौथ्यांदा विचारलं तर लोक विड्या काढतात. आणि ढोलकीची थाप पंचच्या नंतर, लगोलग. आधी पडली तर शब्द बुडाला.

निवांत_वाचक
@सांगलीकर_७ 'गाढवाचं लग्न'मधले दादू इंदुरीकर पण घ्या की. सावळ्या कुंभार!

सांगलीकर_७
घेतले. त्यांच्यासाठी वेगळा धागाच पाहिजे.

खडीसाखर
आले. तर दादा कोंडके. त्यांचा 'सोंगाड्या' चित्रपट १९७१ चा. ढगळ हाफपँट आणि गुडघ्यापर्यंत लोंबणारी नाडी, हा नुसता वेष नव्हे हं. नाडी चालताना हलते, म्हणजे माणूस गप्प उभा असला तरी लोकांचं लक्ष तिथेच. द्वयर्थी संवादांना नावं ठेवणाऱ्यांनी एकदा ते कागदावर उतरवून बघावेत. शब्द साधे, घरातले, शेतातले. चावट अर्थ तयार होतो ऐकणाऱ्याच्या डोक्यात, आणि तिथे सेन्सॉरची कात्री पोचत नाही. वर दादांचा चेहरा असा, की ह्या बाळाला काही कळलेलंच नाही. नकलाकार नेमकं हेच विसरतात. डोळा मारतात आणि सगळं स्वस्त होऊन जातं.

नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी, म्हणजे प्रत्येकी २५ आठवडे. गिनीज बुकात नोंद आहे.

पडद्यामागचा
रंगमंचावरचं थोडं. हशा वर चढतो, टिकतो, मग उतरायला लागतो. उतरणीला लागला की पुढचं वाक्य टाकायचं. शिखरावर टाकलंत तर अर्धं सभागृह 'काय म्हणाला?' विचारत बसतं. पूर्ण शांत होऊ दिलंत तर लय पडते, पुन्हा चढवायला दोन पानं जातात. वाक्याचा पहिला शब्द बिनमहत्त्वाचा ठेवायचा, 'अहो', 'म्हणजे', 'तसं नव्हे'. बुडाला तर बुडू दे.

आणि 'मोरूची मावशी'. विजय चव्हाणांची मावशी बघून कॉलेजची पोरं आवाज बारीक करून हुबेहूब बाई उभी करायला जातात. साफ चूक. लुगड्यातला पुरुष प्रेक्षकांना सतत दिसला पाहिजे, तो फक्त नाटकातल्या बाकीच्यांना दिसत नाही. बाई अगदी खरी वाटली तर हसायचं कशाला?

मराठवाडी_बाणा
वऱ्हाड! लक्ष्मण देशपांडे, एकटा माणूस, ५२ पात्रं. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'. हातात एक उपरणं. एकपात्रीत खेळ नजरेचा. म्हातारा बोलतो तेव्हा नजर अमुक जागी, त्याच्याशी बोलणारं पोरगं असेल तर मान वर. ती जागा तीन तास हलता कामा नये. वीतभर सरकली की दोन माणसांचं एकच होतं. आवाज बदलणं त्यामानानं सोपं. आवाज बदलतात पण बघतात सगळ्यांच्याच वतीनं समोर, असे लई आहेत.

कोकणकन्या
'वस्त्रहरण' राहिलं की ओ! गंगाराम गवाणकरांचं नाटक, तात्या सरपंच मच्छिंद्र कांबळी. गावातले लोक द्रौपदी वस्त्रहरण बसवतात आणि सगळं फसतं. आता गोम अशी, की फसलेलं नाटक नीट फसवायला तालीम दुप्पट लागते. कोण कुठे अडखळणार, कोण कुणाच्या पायात येणार, सगळं मोजून. खरंच गोंधळ घातलात तर तो नुसता गोंधळच दिसतो. मालवणी न कळणाऱ्यांसाठी शब्द सोपे करू नका, हेल मोडतो.

निवांत_वाचक
राजा गोसावींचं माहितीये ना? ते हिरो असलेला 'लाखाची गोष्ट' (१९५२) पुण्याच्या भानुविलास थिएटरला लागला तेव्हा हे तिथेच तिकीटखिडकीवर. हिरोकडूनच हिरोचं तिकीट घ्यायचं!

खडीसाखर
सुट्टे पैसे परत मिळायचे का पण? 😄

चहाचा_कप
धागा वाचता वाचता दूध उतू गेलं. कोण भरून देणार?

मराठवाडी_बाणा
खडीसाखरताईंच्या खात्यात टाका. आणि @गावठी_मिरची, अर्धवटरावांचं एवढं लिहिलंत, त्यांच्या जोडीच्या बाहुलीला, आवडाबाईंना, कुणी विचारलंच नाही.

गावठी_मिरची
अर्धवटरावांना स्वतःचं नाव सांगायला काहीच त्रास नाही. अ, र, ध, व, ट, एकाही अक्षराला ओठ मिटत नाहीत, म्हणून बघा. आवडाबाईंच्या नावात मात्र 'ब' आलाय. आता आरशासमोर उभं राहा, दात किंचित उघडे ठेवा आणि म्हणा.

चहाचा_कप
आवडादाई.