मुठीची झळाळी आणि पकड
लाकडी मूठ आरशासारखी चकचकीत केली की सुरी लवकर विकली जाते, हे मत विक्रीपुरते खरे असले, तरी ओल्या किंवा तेलकट हातातून अशी मूठ निसटते. म्हणून ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, त्याहून गुळगुळीत न करता, जवसाचे तेल मुरवणे मला अधिक योग्य वाटते. शिवाय पात्याचे पोलाद मुठीच्या आत तिच्या पूर्ण लांबी-रुंदीइतके गेलेले असेल, तर कोरड्या हवेत लाकूड आकसते, पोलाद मात्र तेवढेच राहते, आणि घासताना लाकडाशी एकसारखी लागलेली पोलादाची कड काही महिन्यांनी तळहाताला टोचू लागते. त्यासाठी पूर्ण वाळलेले लाकूड घ्यावे व पोलादाची कड आधीच गोलसर करावी. गिऱ्हाइकाला सुरी नुसती हाताळायला न देता जाड दोर दहा-बारा वेळा कापायला द्यावा. पकडीतला फरक तेव्हाच कळतो आणि किंमतही पटते.