स्टॉप स्क्रूला इतक्यात हात लावू नका

पेडल स्टील गिटारच्या ई-नाइन्थ ट्यूनिंगमध्ये (तारा लावायची एक ठरलेली पद्धत) नी-लिव्हर, म्हणजे गुडघ्याने ढकलायचा खटका, दाबल्यावर ४ थी तार ई वरून ई-फ्लॅटला नीट उतरते, ८ वी मात्र चढीच राहते, म्हणून स्टॉप स्क्रू (लिव्हर कुठवर जाईल ते ठरवणारा) सैल करायचा सल्ला इथे एकाने दिलाय. नको! त्याने लिव्हरचा पल्ला वाढेल आणि ४ थीसुद्धा जास्त खाली जाईल. आधी एंडप्लेटवरचा (गिटारच्या टोकाच्या पट्टीवरचा) ८ वीचा नायलॉन नट थोडा आवळा. लिव्हरची ओढ तारेपर्यंत नेणाऱ्या रॉडला किंचित ढिलाई ठेवा हं, ती संपली की मोकळी (लिव्हर न दाबलेली) तारच बेसूर होते. तरीही ८ वी उतरली नाही, तर रॉड बेलक्रँकवर (आडव्या दांड्यावरची, रॉड ओढणारी भोकांची पट्टी) दांड्यापासून लांबच्या भोकात घ्या. ओढ वाढेल, लिव्हर जरा जड लागेल, पण गुडघ्याला सवय होते. त्यानंतर नट परत जुळवावा लागतोच. आणि हे सगळं मोकळ्या तारा कीहेडवर (तारांच्या खुंट्या असतात तिथे) सुरात लावल्यावरच.