अपघातानंतरची भीती जात नाही: बोलते करावे की विसरू द्यावे?

प्रश्न – धाकटा भाऊ, मानेवाडा, नागपूर

नमस्कार. गेल्या नोव्हेंबरात काटोल रस्त्यावर माझ्या मोठ्या भावाच्या दुचाकीला संत्र्यांनी भरलेल्या टेम्पोची धडक बसली. हाड जुळले, प्लास्टर निघाले, दादा कामावरही जाऊ लागला. पण रात्री दोन-अडीचला दचकून उठतो, दुचाकीच्या किल्लीला हात लावत नाही आणि घरात कोणी संत्रे सोलले की काही न बोलता गच्चीवर निघून जातो. मृग बहाराची संत्री बाजारात आल्यापासून तर वहिनी भाजीलाही एकटीच जाते. ओळखीच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, नातेवाईक ‘विसरून जा’ म्हणतात आणि एका मित्राने डोळ्यांच्या हालचालींचा कुठलासा उपचार सुचवला आहे. त्याच प्रसंगाविषयी पुन्हा पुन्हा बोलायला लावणे म्हणजे खपली काढणे नव्हे का? आणि उपचार घ्यायचाच तर कोणता घ्यावा?

उत्तर – क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, धंतोली

खपलीची उपमा पहिल्या काही दिवसांपुरती बरोबर आहे. घटना घडल्या घडल्या माणसाला समोर बसवून एकाच बैठकीत सगळे वदवून घेण्याची पद्धत एके काळी फार चालत असे. तिचा उपयोग होत नाही, कधी अपायच होतो, असे दिसल्यामुळे ती आता सुचवली जात नाही. त्या काळात झोप, जेवण, सुरक्षितता आणि जवळच्या माणसांची सोबत पुरते, आणि बहुतेक जण त्यावर सावरतात. मात्र लक्षणे महिन्याहून अधिक टिकली, तर पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा मानसिक विकार, आहे का हे तपासावे लागते. तुमच्या दादांना चार महिने झाले आहेत.

दादा गच्चीवर जातात तेव्हा त्यांना लगेच बरे वाटते, आणि नेमकी तीच अडचण आहे. संत्र्याचा वास आला की पळायचे, पळाले की सुटका, त्यामुळे वासाने काही बिघडत नाही हे मनाला कळण्याची संधीच मिळत नाही. एडना फोआ यांनी विकसित केलेल्या प्रोलाँग्ड एक्स्पोजर पद्धतीत, साधारण 8 ते 15 बैठकांत, तो प्रसंग डोळे मिटून वर्तमानकाळात सांगायचा असतो, ते ध्वनिमुद्रण घरी ऐकायचे असते आणि टाळलेल्या गोष्टींकडे सोप्याकडून अवघडाकडे जायचे असते. पॅट्रिशिया रेसिक यांच्या कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपीत साधारण 12 बैठका असतात आणि ‘त्या दिवशी मी त्या रस्त्याने गेलोच नसतो तर’ यांसारखे विचार तपासून पाहिले जातात. मित्राने सुचवलेली डोळ्यांच्या हालचालींची पद्धत म्हणजे फ्रान्सिन शापिरो यांची ईएमडीआर. 1989 साली त्यांचा पहिला अभ्यास प्रसिद्ध झाला. तिचा गुण येतो, पण तो डोळे हलवल्यामुळे येतो की आठवणीला धीराने सामोरे गेल्यामुळे, हा वाद अजून मिटलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारा उपचार; वरच्या पहिल्या दोन पद्धती त्यातल्याच) आणि ईएमडीआर या दोन्हींची शिफारस केली आहे. म्हणून माझ्या मते पद्धतीच्या नावापेक्षा समोरची व्यक्ती त्या पद्धतीत प्रशिक्षित आहे का आणि तिची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे आधी विचारावे. दोन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले मी पुष्कळ पाहिले आहेत.

झोपेच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नका. त्या कोणत्या गटातील आहेत आणि पुढे हव्यात का, हे मनोविकारतज्ज्ञांना दाखवून ठरवा.

उत्तर – पूरग्रस्त, नाग नदीकाठ

मी वर सांगितलेल्या प्रोलाँग्ड एक्स्पोजर उपचारातून गेले आहे, म्हणून लिहिते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि आमच्या तळमजल्यात पाणी शिरले. आदल्या दिवशीच महालक्ष्म्यांचे जेवण झाले होते; मुखवटे उचलून माळ्यावर ठेवेपर्यंत पाणी माझ्या कमरेला लागले होते. नंतर वर्षभर पत्र्यावर पावसाचा आवाज आला की मी कपाटातील कागदपत्रांची पिशवी काढून दारात बसत असे.

उपचार करणाऱ्या मॅडमांनी मला मी टाळत असलेल्या गोष्टींची यादी करायला लावली आणि प्रत्येकीसमोर शून्य ते शंभर यांतील भीतीचा आकडा लिहायला सांगितला. बादलीत नळ सोडून आवाज ऐकणे वीस, अंबाझरीच्या बांधावर चालणे साठ, पावसाळी रात्री तळमजल्यावर झोपणे शंभर. मोबाइलवरचे माझेच बोलणे रोज ऐकायचे होते. तिसऱ्या दिवशी मी फोन पिठाच्या डब्यात टाकून दिला होता. पहिले तीन आठवडे झोप आणखी बिघडली, आणि हे आधी कोणी सांगितले नसते तर मी उपचार अर्ध्यावर सोडला असता. पुढे एके दिवशी तेच ऐकताना मला चक्क कंटाळा आला. तुमच्या दादांनाही सुरुवातीच्या त्रासाची कल्पना आधीच द्यावी, अशी विनंती आहे.

उत्तर – निवृत्त परिचारिका

खर्चाविषयी कोणी लिहिले नाही. खासगी बैठका परवडत नसतील, तर मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मनोविकृतीशास्त्र विभागात किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवता येते. मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला लोक ‘पागलखाना चौक’ म्हणतात, त्यामुळे माणसे बिचकतात, पण ओपीडीत येणारे बहुतेक जण औषध घेऊन घरी जाणारेच असतात. रात्री अडचण आली तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास सुरू असतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच विमा मिळाला पाहिजे, तरी आपल्या पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्च धरला आहे का, ते आधी वाचून घ्या.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. दादा एकदा भेटायला तयार झाला आहे, पण वहिनी सोबत हवी म्हणतो. तोपर्यंत घरात संत्री आणणे बंद करावे का?

उत्तर – क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, धंतोली

वहिनींना अवश्य सोबत आणू द्या. संत्री लपवू नका आणि सवय व्हावी म्हणून दादांसमोर मुद्दाम सोलूही नका. त्यांच्या यादीत संत्र्याला किती आकडा द्यायचा, ते दादांनाच ठरवू द्या.