रेड कंट्रोलरवर राइट स्पीड अचानक पडलाय, रीड मात्र ओके

रात्रपाळी:
मंडळी मदत हवी आहे. सर्व्हरमध्ये हार्डवेअर रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारा कंट्रोलर), ७२०० आरपीएमच्या ६ डिस्क, रेड ५ (डेटासोबत पॅरिटी, म्हणजे एखादी डिस्क गेली तर डेटा परत काढायची माहिती, सगळ्या डिस्कवर वाटलेली). इतके दिवस डेटाबेस नीट चालायचा, आता साधा कमिट (बदल कायमचा नोंदवणं) व्हायलाही वेळ लागतोय. डीडी कमांडने फाईल लिहिली तर आकडा मस्त दिसतो पण डायरेक्ट फ्लॅग (ओएसची रॅम कॅश टाळणारा) लावला की सेकंदाला २० एमबीच्या खाली. रीड एकदम व्यवस्थित. अ‍ॅरे (डिस्कचा गट) ऑप्टिमल, लाल लाइट कुठेच नाही, ओएसमध्ये काही बदललेलं नाही. कुठून बघायला सुरुवात करू?

बिटबहाद्दर:
रेड ५ वर डेटाबेस ठेवलाय, मग अजून काय होणार. छोट्या राइटला जुना डेटा वाच, जुनी पॅरिटी वाच, मग दोन्ही नव्याने लिही, म्हणजे एकाचे ४ आयओ (डिस्कवरचे वाच-लिही). अशी डिस्क रँडमला ८० च्या आसपास आयओपीएस (सेकंदाला आयओ) देते, सहांचे ४८०, भागिले ४, हातात उरले १२०. रेड १० (पॅरिटीऐवजी डेटाच्या जोडप्रती) करा आणि मोकळे व्हा.

जुनाअ‍ॅडमिन:
गणित बरोबर आहे हो, पण ते पहिल्या दिवसापासून तेवढंच होतं ना. अचानक पडला म्हणतायत तर रेड ५ ला कशाला धरायचं?

डीडीचा तो मस्त आकडा रॅमचा आहे, डायरेक्टवालाच खरा धरा. आता कंट्रोलरच्या युटिलिटीत व्हर्च्युअल डिस्कची कॅश पॉलिसी बघा, डिफॉल्ट आणि करंट या दोन वेगळ्या ओळी असतात आणि लोक फक्त डिफॉल्ट बघून पुढे जातात. राइट बॅकमध्ये कार्ड आपल्या मेमरीत डेटा घेऊन लगेच ओके म्हणतं, छोटे राइट गोळा करून जमलं तर पूर्ण स्ट्राइप (सगळ्या डिस्कवर पसरलेली एक ओळ) एकदम लिहितं, मग जुनी पॅरिटी वाचायची भानगडच नाही. ही मेमरी जपणारी कार्डाची बॅटरी गेली किंवा लर्न सायकलमध्ये (बॅटरीची डिस्चार्ज-चार्ज चाचणी) असली की बरीच कार्डं गुपचूप राइट थ्रूवर (डिस्कवर लिहून झाल्यावरच ओके) येतात, अ‍ॅरे ऑप्टिमलच दिसत राहतो, कारण डिस्कना खरंच काही झालेलं नसतं.

रात्रपाळी:
बघितलं. डिफॉल्ट राइट बॅक, करंट राइट थ्रू, बॅटरी फेल्ड!! फोर्स राइट बॅकचा ऑप्शन दिसतोय, नवीन येईपर्यंत तो लावू का?

बिटबहाद्दर:
यूपीएस असेल तर लावा की, काय होतंय.

जुनाअ‍ॅडमिन:
यूपीएस सर्व्हरच्या बाहेर असतो. आतला पॉवर सप्लाय उडाला किंवा कोणी चुकीची केबल ओढली तर कार्डाच्या मेमरीतला डेटा गेला, आणि डेटाबेसला तर कमिट झालं असं आधीच सांगून बसलोय. फाईलसिस्टमही फाटू शकते. टेस्टिंगचा बॉक्स असेल तर खुशाल लावा, प्रॉडक्शनवर मी नाही लावणार. डिस्कची स्वतःची कॅश चालू करायचा सल्लाही कोणीतरी देईल, तिला तर कार्डाची बॅटरी चांगली असली तरी उपयोग नाही.

बॅटरी बदलल्यावर लगेच स्पीड आला नाही तर सेटिंग खेळत बसू नका, पुरेशी चार्ज झाली की कार्ड आपोआप राइट बॅकवर जातं. त्यानंतरही रडत असेल तर कंट्रोलरमधूनच एकेका डिस्कचे मीडिया एरर बघा, कारण ओएसच्या आयोस्टॅट टूलला अख्खा अ‍ॅरे एकच डिस्क दिसतो, एखादी मरायला टेकलेली डिस्क सगळ्यांना मागे ओढत असली तरी तिथे कळत नाही.

रात्रपाळी:
ओके, राइट थ्रूवरच ठेवतो आणि जड इम्पोर्ट जॉब रात्री ढकलतो. बॅटरीची ऑर्डर टाकतोय.

जुनाअ‍ॅडमिन:
कार्ड सपोर्ट करत असेल तर सुपरकॅपॅसिटरवालं मॉड्यूल बघा, लाइट गेली की कॅश फ्लॅशमध्ये उतरवून ठेवतं. आणि बॅटरीचा अलर्ट मेलवर लावून घ्या राव.