अ‍ॅक्शनपटासाठी रत्नागिरीहून मुंबईचं आयमॅक्स गाठावं का?

खाडीकाठ (धागाकर्ता)
मोठा अ‍ॅक्शनपट लागला की चिपळूणपासून कुडाळपर्यंत एकच पालुपद सुरू होतं: "आयमॅक्सला नाही पाहिलास, मग काय पाहिलंस?" माझं मत नेमकं उलट आहे. रत्नागिरीहून मुंबई सव्वातीनशे किलोमीटरच्या वर. एवढी तंगडतोड करण्याआधी 'मोठा पडदा' म्हणजे काय ते मोजा तरी. डोळ्याला मीटर कळत नाहीत, कोन कळतो. समजा, २२ मीटर रुंदीचा पडदा २० मीटरवरून पाहिला, तर तो ५८ अंशांत दिसतो. गावच्या थेटरातला ९ मीटरचा पडदा ७ मीटरवरून पाहिला, तर ६५ अंशांत! म्हणजे तिसऱ्या-चौथ्या ओळीत बसलात की तुमचा पडदा मुंबईपेक्षा मोठा, आणि तिकीटही स्वस्त. आपण मात्र बाल्कनीची शेवटची रांग धरतो आणि पडदा लहान म्हणून कुरकुरतो.

लेन्सवाला
कोनाचा हिशोब चोख आहे, पण पुढे गेलात की चित्राचे ठिपकेही तुमच्याबरोबर मोठे होतात, ते विसरलात. २K प्रोजेक्टर आडवे २०४८ ठिपके टाकतो. ९ मीटरच्या पडद्यावर एक ठिपका ४.४ मिलिमीटरचा झाला. ७ मीटरवरून धड डोळ्याला साधारण २ मिलिमीटरचा बारकावा वेगळा कळतो. म्हणजे नायकाच्या कानाची कड, काचेचे तुकडे, खालच्या पाट्यांची अक्षरं, सगळ्यांना पायऱ्या पडलेल्या दिसणार. ४K लेझर आयमॅक्सला २२ मीटरवर ४०९६ ठिपके, म्हणजे एक ठिपका ५.४ मिलिमीटर, पण २० मीटरवरून डोळ्याची मर्यादाच ५.८ आहे. ठिपक्यांची जाळी दिसतच नाही. फरक इथे आहे, रुंदीत नाही.

खाडीकाठ
मान्य. पण बऱ्याच अ‍ॅक्शनपटांतले व्हीएफएक्सचे, म्हणजे संगणकावर घडवलेले, शॉट मुळात २K मध्येच तयार होतात आणि मग ताणले जातात. ठिपका बारीक झाला, तरी त्यात भरायला नवा तपशील कुठून आणणार?

लेन्सवाला
तपशील नाही, पण जाळी तरी जाते. शिवाय काळा रंग. झेनॉन दिव्याच्या प्रोजेक्टरवर रात्रीचा पाठलाग राखाडी दिसतो, लेझरवर काळा. म्हणून तिकीट काढण्याआधी तो हॉल लेझरचा आहे की जुना झेनॉनचा, ते विचारा. नुसत्या 'आयमॅक्स' या पाटीवरून ते कळत नाही.

काळेपट्टे
दोघेही मुद्द्याच्या कडेने चाललात. आयमॅक्सची खरी मिळकत चौकटीत, म्हणजे चित्राच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणात आहे. नेहमीचा स्कोप, म्हणजे रुंद पट्टीसारखी चौकट, २.३९ : १, मुंबई-पुण्यातलं डिजिटल आयमॅक्स १.९० : १. त्या चौकटीसाठी घेतलेल्या प्रसंगात, तेवढ्याच रुंदीत, वर-खाली मिळून २६ टक्के जास्त चित्र दिसतं. १५ छिद्रांच्या आडव्या धावणाऱ्या ७० मिमी फिल्मची चौकट तर १.४३ : १, म्हणजे ६७ टक्के जास्त, पण ती मुंबईत मिळणार नाही, तेव्हा परदेशातल्या जाहिराती बघून हुरळू नका.

आता गोम अशी, की सगळे सिनेमे तसे चित्रित होत नाहीत. 'द डार्क नाइट' (२००८) हा आयमॅक्सच्या फिल्म कॅमेऱ्यावर काही प्रसंग घेतलेला पहिला मोठा कथापट, आणि त्यातही चौकट त्या प्रसंगांपुरतीच उघडते. आपल्याकडचे बरेच सिनेमे नुसते रीमास्टर करून आयमॅक्सला लावतात. पडदा उंच, चित्र स्कोपचंच, वर-खाली काळे पट्टे. अशा सिनेमासाठी गाडी पकडणं म्हणजे हौसेला मोल नाही, एवढंच.

नारळीपोफळी
हिशोब बरो आसा. पण पावसात पत्र्याच्या छपराखाली, पुढल्या ओळीत बसान डायलॉग कसो ऐकूचो, ता सांगा.

केबिनवाला
नारळीपोफळींनी नेमकं दुखणं पकडलं. किनाऱ्यावर यंत्रणेचा खरा वैरी खारा दमट वारा. लेन्सवर बुरशी धरते, केबिनच्या पोर्टची, म्हणजे प्रोजेक्टरपुढच्या खिडकीची, काच धुरकटते, स्पीकरच्या जोडण्यांवर गंज चढतो, पांढरा पडदा पिवळट पडतो. त्यात झेनॉन दिव्याचे ठरलेले तास उलटून गेले तरी तो चालवत राहतात. उजेड निम्म्यावर येतो आणि मध्येच लुकलुकतो. पडद्यावरच्या उजेडाचं मानक ४८ निट्सचं. ते मोजायला मीटर लागतो, आणि मीटर असतोच कुणाकडे? पावसाळ्यात वीज डुलली आणि यूपीएस नसला, तर सर्व्हर पुन्हा सुरू होईपर्यंत पाच-दहा मिनिटं अंधारात शिट्ट्या.

आवाजाचं म्हणाल तर प्रोसेसरवर फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची कळ, ७ ला असला की संदर्भ पातळी, म्हणजे सिनेमासाठी ठरलेला आवाज, मिळते. गर्दी ओरडते म्हणून तो ५ वर आणतात. एक अंक सुमारे ३.३ डेसिबलचा, म्हणजे जवळपास सात डेसिबल गेले. स्फोट बसका येतो, कुजबुज पावसात बुडते. आणि आवाजाचं जुळवणं हॉलच्या दोन-तृतीयांश खोलीवर करतात. तिसऱ्या ओळीत मागचे स्पीकर दबतात, पडद्यामागचे अंगावर येतात. डोळ्यांची सोय केलीत, कान गेले.

खाडीकाठ
म्हणजे भांडण आयमॅक्सचं नाही, देखभालीचं आहे. हेच मी म्हणतोय! दिवा वेळेवर बदला, लेन्स पुसा, फेडर ६.५ वर ठेवा, निम्मे लोक मुंबईला जाणारच नाहीत.

केबिनवाला
देखभाल केली तरी हॉलिवूडचे सिनेमे गावात येणारच नाहीत. छोट्या गावांतल्या कित्येक हॉलमध्ये उपग्रहावरून सिनेमा उतरवणारी ई-सिनेमा यंत्रणा आहे; मराठी-हिंदीचं भागतं. हॉलिवूडचे बडे स्टुडिओ डीसीआय (स्टुडिओंनी ठरवलेलं डिजिटल मानक) दर्जाचा प्रोजेक्टर-सर्व्हर मागतात. तो असेल तिथेही प्रत्येक सर्व्हरला वेगळी डिजिटल किल्ली येते, ठरावीक तारखा-वेळांपुरती. किल्ली उशिरा आली, की पहिला शो गेला.

लेन्सवाला
आणि बिगपिक्स, मॅक्रो एक्सई, पी-एक्सएल या मल्टिप्लेक्सवाल्यांच्या स्वतःच्या मोठ्या पडद्यांच्या पाट्या, आयमॅक्सच्या नाहीत, तिथे २६ टक्के वाढीव चित्र सहसा मिळत नाही. पण त्यांतल्या काही हॉलमध्ये छतातूनही आवाज देणारं डॉल्बी अ‍ॅटमॉस असतं, जे आयमॅक्समध्ये नसतं. डोक्यावरून जाणारं हेलिकॉप्टर हवं असेल, तर तोही पर्याय वाईट नाही.

परतीचीगाडी
जायचंच ठरलं तर पहिल्याच आठवड्यात जा. पुढचा मोठा सिनेमा आला की आयमॅक्सचा पडदा त्याला जातो. लोअर परळला संध्याकाळी सातच्या आत सुरू होणारा शो घ्या. जाहिराती आणि मध्यंतर धरून तीन तासांचा सिनेमा साडेदहापर्यंत आटोपतो. प्रभादेवी, मग दादर, आणि तिथून रत्नागिरीकडे रात्री १२:०५ ची तुतारी एक्सप्रेस. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, सिनेमाचं मोजके दिवस आधी. तेव्हा प्रदर्शनाची तारीख जाहीर झाली की आधी गाडी धरा. पावसाळी वेळापत्रक लागू झालं की वेळा पुन्हा तपासा. आणि गाडी मध्यरात्रीनंतर सुटते. शनिवारचा शो असेल, तर तिकीट रविवारच्या तारखेचं काढायचं. शनिवारचं काढणाऱ्याची गाडी शो सुरू होण्याआधीच निघून गेलेली असते.

खाडीकाठ
मग आधी चौकट १.९० आहे का ते सांगा, गाडीचं नंतर बघू.