मालागामध्ये आई-बाबांसोबत तीन दिवस : म्युझियमचा क्रम कसा लावावा?

सांजवारा :
ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात माद्रिदहून दक्षिण स्पेनमधल्या मालागाला जातोय. शनिवारी दुपारी एकच्या सुमारास ट्रेनने पोहोचू आणि मंगळवारी संध्याकाळी विमानाने परत. सोबत आई-बाबा आहेत, दोघेही सत्तरीच्या आसपास. बाबांना चित्रकलेची मनापासून आवड आहे. आईला जुन्या वास्तू बघायच्या आहेत, पण तिचे गुडघे दुखतात. पिकासो म्युझियम, पोम्पिदू (आधुनिक कलेचं म्युझियम), कार्मेन तिसेन म्युझियम, पिकासोचं जन्मघर आणि अल्कासाबा (टेकडीवरचा जुना मूर किल्ला-महाल) अशी यादी केली आहे. तीन प्रश्न आहेत :
१. कोणत्या दिवशी काय बघावं?
२. रविवारी बरंच काही फुकट असतं म्हणतात, त्यासाठी थांबावं का?
३. यादीत काही राहून गेलंय का?

चित्रकथी :
तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण शहरातलं सर्वात मोठं म्युझियमच तुमच्या यादीत नाही. म्युझेओ दे मालागा. बंदराजवळ, अल्कासाबाच्या पायथ्याशी पालासिओ दे ला आदुआना म्हणजे जुनी जकात कचेरी आहे, तिथे ते डिसेंबर २०१६ मध्ये उघडलं. चित्रं आणि पुरातत्त्व दोन्ही एकाच छताखाली, त्यामुळे आई आणि बाबा दोघांचंही समाधान होईल.

त्यामागची हकीकत बाबांना जरूर सांगा. आज पिकासो म्युझियम आहे त्या बुएनाव्हिस्ता वाड्यात पूर्वी मालागाचं ललितकला संग्रहालय होतं. पिकासो म्युझियमसाठी वाडा रिकामा करायचा म्हणून १९९७ मध्ये ते बंद झालं आणि चित्रं अनेक वर्षं गोदामात पडून राहिली. आदुआनाची इमारत या संग्रहाला मिळावी म्हणून मालागाचे लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे ती मिळाली. इतकं करून आज पर्यटक समोरूनच अल्कासाबाकडे निघून जातात. फार वाईट वाटतं.

तिथे एनरीके सिमोनेतचं १८९० चं मोठं चित्र चुकवू नका. शवविच्छेदनाच्या टेबलावर तरुण स्त्रीचा देह आहे, तिचे लांब केस टेबलाच्या कडेवरून खाली लोंबताहेत, आणि बाजूला उभा म्हातारा डॉक्टर तिचं हृदय हातात धरून त्याकडे बघतोय. सगळा उजेड त्या पांढऱ्या चादरीवर आणि त्या देहावर पडलेला. पिकासोआधीची मालागातली चित्रकला किती ताकदीची होती ते इथे कळतं, आणि मग पिकासो म्युझियम वेगळ्या नजरेने बघता येतं. म्हणून हे आधी, पिकासो नंतर.

वेळ : मंगळवार ते शनिवार सकाळी ९ ते रात्री ९, रविवारी फक्त दुपारी ३ पर्यंत, सोमवारी बंद. युरोपीय संघाच्या नागरिकांना मोफत, इतरांना १.५० युरो. (गोव्याच्या ज्या मंडळींकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे त्यांनी तो खिशात ठेवावा, मोफत प्रवेश मिळतो.) शनिवारी सामान ठेवून, जेवून, जरा पाठ टेकून पाच वाजता इथेच या. अडीच तास आरामात मिळतील, लिफ्ट आहे, गर्दी नसते.

दर्यावर्दी :
चित्रकथींशी सहमत. आता क्रमाचं बघू. मालागात सगळी म्युझियम एकाच दिवशी बंद नसतात, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. सोमवारी बंद : म्युझेओ दे मालागा आणि कार्मेन तिसेन. मंगळवारी बंद : पोम्पिदू. पिकासो म्युझियमला साप्ताहिक सुट्टी नाही. म्हणजे तुमचं गणित आपोआप सुटतं :

शनिवार संध्याकाळ – म्युझेओ दे मालागा.
रविवार सकाळ – पिकासो म्युझियम. दुपारनंतर अल्कासाबा.
सोमवार – पोम्पिदू आणि जन्मघर.
मंगळवार सकाळ – कार्मेन तिसेन, मग विमानतळ.

सोमवार-मंगळवारची अदलाबदल केलीत तर दोन्ही दिवशी बंद दारापुढे उभे राहाल.

पिकासो म्युझियम ऑक्टोबरमध्ये १० ते ७ उघडं असतं, नोव्हेंबरपासून ६ लाच बंद होतं. तिकीट म्युझियमच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून वेळ निवडून काढा. 'रांगेशिवाय प्रवेश' म्हणून विकणाऱ्या इतर साइटवर तेच तिकीट महाग पडतं. रविवारी सकाळी १० चा पहिला स्लॉट घ्या, साडेअकरानंतर क्रूझचे गट येतात.

रविवारच्या फुकट वेळा अशा : पिकासो म्युझियममध्ये बंद होण्याआधीचे शेवटचे दोन तास, पोम्पिदू आणि जन्मघर दुपारी ४ नंतर, अल्कासाबा दुपारी २ नंतर. पिकासोसाठी थांबू नका असं स्पष्ट सांगेन. त्या दोन तासांसाठी म्युझियमसमोरच्या सान आगुस्तिनच्या अरुंद गल्लीत लांब रांग लागते. त्यातला अर्धा तास उभं राहण्यात गेला तर आत सव्वा तासही नीट मिळत नाही, कारण शेवटी शेवटी पहारेकरी दालनं रिकामी करू लागतात. दोन वयस्कर माणसांसाठी हा सौदा परवडत नाही. पैसे वाचवायचेच असतील तर अल्कासाबावर वाचवा, तिथे मोकळ्या हवेत गर्दी विखुरते. ज्येष्ठांना आणि विद्यार्थ्यांना बऱ्याच ठिकाणी सवलत मिळते, वय दाखवायला पासपोर्ट मात्र लागतो.

आणखी एक. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे जातात. मोबाइल आपोआप बदलेल, बाबांच्या मनगटी घड्याळाकडे लक्ष द्या. त्या दिवसापासून सूर्यही साडेसहाच्या आत मावळतो, तेव्हा अल्कासाबा चारच्या आसपास सुरू करा.

नीलपंख :
गुडघ्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. अल्कासाबाचं मुख्य दार रोमन नाट्यगृहाच्या बाजूला आहे. तिथून वरपर्यंत चढ, त्यात ओबडधोबड दगडी फरसबंदी आणि पायऱ्या, आणि वळणावळणाची दारं. हल्लेखोराचा वेग मोडावा म्हणूनच ती अशी बांधली आहेत, गुडघ्यांचा वेगही मोडतो. त्यासाठी लिफ्ट आहे : नगरपालिकेच्या इमारतीच्या मागे, गियेन सोतेलो रस्त्यावर, टेकडीच्या पोटात शिरलेलं दार. ती थेट वरच्या भागात, महालाच्या अंगणांजवळ सोडते. आईला लिफ्टने वर नेऊन कारंजी आणि कमानी दाखवा आणि लिफ्टनेच खाली आणा. उतरताना पायी येऊ म्हणाल तर गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणंच जास्त जाचतं. लिफ्ट चालू आहे का ते आधी तिकीट खिडकीवर विचारा.

त्याच्या वरचा खिब्राल्फारो किल्ला हवा असेल तर पायवाटेचा विचारही नको, ३५ नंबरची बस दारापर्यंत जाते. रोमन नाट्यगृह मात्र रस्त्यावरूनच छान दिसतं.

पाऊस पडला तर लारिओस या मुख्य बाजाररस्त्यावरची संगमरवरी फरशी भयंकर घसरडी होते. रबरी तळव्याचे बूट घाला, चप्पल नको.

चित्रकथी :
चित्रांबद्दल थोडं अजून. पिकासो म्युझियममध्ये गेर्निका हे त्याचं गाजलेलं युद्धविरोधी चित्र शोधू नका, ते माद्रिदला रेइना सोफिया म्युझियममध्ये आहे. इथला संग्रह पिकासोची सून क्रिस्तीन आणि नातू बर्नार्ड यांनी दिलेल्या चित्रांवर उभा आहे, घरात राहिलेली ही चित्रं. म्हणून गाजलेल्या चित्रांपेक्षा सुरुवातीपासून शेवटपर्यंतचे प्रयोग, मुलाबाळांची आणि घरातल्या बायकांची चित्रं, मातीकाम असं बघायला मिळतं. तळघरात उतरायला विसरू नका : वाड्याचं काम चालू असताना रोमनांच्याही आधीची फिनिशियन तटबंदी आणि रोमन काळातले मासे खारवण्याचे हौद सापडले, ते तसेच ठेवले आहेत. आईला हेच जास्त आवडेल.

जन्मघर मेर्सेद चौकात आहे, पिकासो म्युझियमपासून पाच-सात मिनिटांवर. २५ ऑक्टोबर १८८१ ला पिकासो तिथे जन्मला, १८९१ मध्ये कुटुंब ला कोरुन्याला गेलं. वडील होसे रुईस ब्लास्को चित्रकलेचे शिक्षक, कबुतरं रंगवायचे. त्यांचं काम आणि बाळाचा बाप्तिस्म्याचा झगा तिथे आहे. पाऊण तास पुरे.

पोम्पिदू म्हणजे बंदराच्या धक्क्यावरचा रंगीत काचेचा घन, रंग फ्रेंच कलाकार दानिएल ब्यूरेनचे. दालनं जमिनीखाली आहेत. मुख्य मांडणी दर काही वर्षांनी पूर्ण बदलते, त्यामुळे जुन्या ब्लॉगवरची यादी बघून जाऊ नका. तिसेनमध्ये एकोणिसाव्या शतकातली अंदालुसियाची (म्हणजे या दक्षिण प्रांताची) चित्रं आहेत : जत्रा, बैलझुंजी, खानावळी. खाली रोमन घराचे अवशेषही आहेत.

सांजवारा :
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी म्युझेओ दे मालागा पक्कं. दोन शंका राहिल्यात : मंगळवारी हॉटेल सोडल्यावर सामानाचं काय? आणि आम्ही तिघेही शाकाहारी आहोत.

दर्यावर्दी :
मोठ्या बॅगा म्युझियमच्या क्लोकरूममध्ये घेत नाहीत, तिथे फक्त सॅक आणि छत्री. हॉटेल ठेवून घेत असेल तर उत्तम, नाहीतर मारिया साम्ब्रानो स्टेशनवर लॉकर आहेत. तिथूनच विमानतळाची लोकल मिळते, सी-१ लाइन, साधारण दर वीस मिनिटांनी, दहा-बारा मिनिटांचा प्रवास. ट्रेनच्या पाटीवर फुएन्खिरोला लिहिलेलं असतं, तीच तुमची गाडी.

नीलपंख :
जेवणाची वेळ आधी सांभाळा. दुपारी दीड ते चार, मग बरीच स्वयंपाकघरं रात्री आठ-साडेआठपर्यंत बंद. म्हणून पिकासो म्युझियममधून एकपर्यंत बाहेर पडून जेवा, मग अल्कासाबा.

मालागाचे दोन पदार्थ तुमच्यासाठीच आहेत : वांग्याचे तळलेले काप, वरून उसाची काकवी ('बेरेनखेनास कोन मिएल दे कान्या'), आणि 'आखोब्लांको', म्हणजे बदाम, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेलाचं थंड सार, वर द्राक्षं. 'पोर्रा' दिसायला टोमॅटोचं सार असतं, पण वर हॅम आणि अंडं घालतात. साध्या सॅलडमध्येही ट्यूना असतो. नुसतं 'वेखेतारियानो' म्हणून भागत नाही. 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन आतून' (मांस, हॅम, मासे, ट्यूना नको) अशी पूर्ण यादी कागदावर लिहून वेटरला दाखवा.