बुजवलेल्या चिरेखाणीवर इथलीच झाडं परत आणायची आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यात आमची वरकस जमीन आहे. त्यातले साधारण ७० गुंठे वडिलांनी चिरेखाणीला, म्हणजे बांधकामाचा जांभा दगड कापायला, दिले होते. ६ वर्षं मशीन चाललं, चांगला चिरा संपला, खाणवाले गेले. करारात होतं म्हणून जाताना खड्डा कपच्या आणि चुऱ्याने बुजवला, वर वीतभर लाल माती पसरली आणि डंपर फिरवून फिरवून सपाट केली. लांबून क्रिकेटचं मैदान वाटतं.

गेल्या मृगात १२० रोपं लावली. आंबा-काजू नाही, मुद्दाम ऐन, किंजळ, जांभूळ, बेहडा. पावसात अशी तरारली की मी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. दिवाळीनंतर माना टाकायला लागली, होळीपर्यंत ३१ उरली. मेलेली उपटून पाहिली तर मूळ वीतभर खाली जाऊन आडवं वळलेलं, कुंडीतल्यासारखं. काही खड्ड्यांत तर श्रावणातच पाणी तुंबून मुळं कुजली होती.

नर्सरीवाला म्हणतो, ऑस्ट्रेलियन बाभूळ लावा, दगडावरही येते. काका म्हणतात, काजू लाव, निदान बी तरी मिळेल. आईला आठवतं ते वेगळंच: खालच्या अंगाला करवंदाच्या जाळ्या, कुडा, धायटी, मधे चार मोठ्या किंजळी. वरच्या अंगाला उघडा कातळ, पावसाळ्यात फुलांनी भरलेला. किंजळीतली एक अजून बांधावर उभी आहे. मला ते परत हवंय, निदान त्याची सुरुवात. पाण्याचा टँकर परवडणार नाही. कुठून सुरू करू?

कातळकर:
रोपं आणायच्या आधी जमीन फोडा. डंपरने ठोकलेल्या मातीत ना पाणी मुरत, ना मूळ उतरत, म्हणून तुमची रोपं आधी बुडाली आणि मग तहानेने मेली. मे महिन्यात जेसीबीच्या दातांनी अडीच-तीन फूट खोल फोडून घ्या आणि नंतर सपाट करू नका! उंचवटे-खळगे तसेच राहू देत. पातेरा (गळलेला पाला), बी, पाणी सगळं खळग्यात जमतं. आपल्याला जमीन सारखी करायची भारी हौस, पण सारख्या जमिनीवरून पहिल्याच पावसात माती ओढ्यात जाते.

दुसरं, गडगा, म्हणजे दगडी कुंपण. उरलेले फुटके चिरे असतीलच, त्यांचा रचा. गुरं आणि वणवा आवरले नाहीत तर बाकीचं सगळं फुकट.

डिचोलीहून:
बाभळीबद्दल आमच्याकडे येऊन बघा. गोव्यात लोखंडाच्या खाणींतल्या टाकाऊ मातीच्या ढिगांवर वर्षानुवर्षं तीच लावली. ढीग हिरवे दिसतात, माती थोडी धरलीही जाते, हे खरं. पण खाली चालून बघा. तो जाड पाला लवकर कुजत नाही, त्यातून इथलं रोपटं क्वचितच डोकं वर काढतं आणि बाभळीची पिल्लं मात्र शेजाऱ्याच्या जमिनीतही उगवतात. काजूही मूळचा ब्राझीलचा, पण त्याला आता परका म्हणायची हिंमत माझ्यात नाही. एका कोपऱ्यात लावा, काका खूश.

विदर्भकर:
आमच्या नागपूर जिल्ह्यात गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगांवर नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने काम केलं आहे. साखर कारखान्याची मळी (रस गाळून उरलेला गाळ, प्रेसमड) घातली आणि रोपांच्या मुळांना जिवाणू व उपयुक्त बुरशीची जोड दिली. जांभ्याच्या मातीत लोह आणि अ‍ॅल्युमिनियम भरपूर, ते स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतात. नुसतं खत टाकलं तर तेही अडकतं. मुळांवरची बुरशी झाडाला तो स्फुरद मिळवून देते.

कातळकर:
मळी कोल्हापुराहून आणायची तर भाड्यातच मराल. बुरशी फुकट आहे, तुमच्या बांधावरच्या किंजळीखाली. तिथली चार-पाच घमेली माती आणि पातेरा प्रत्येक खड्ड्यात मूठमूठ घाला. देवराईतून उचलू नका. तळाला नारळाची सोडणं घाला, ओल धरतात.

आणि सुरुवातीला मोठी झाडं नकोत. धायटी, कुडा, मुरुडशेंग, करवंद आधी. त्यांच्या सावलीला ऐन-किंजळ दोन-तीन पावसाळ्यांनी. करवंद-जांभळाचं बी वाळवून ठेवाल तर मरेल. खाल्लं की पुसून लगेच पेरायचं. किंजळीची बरीच फळं पोकळ निघतात, म्हणून गरजेच्या कितीतरी पट गोळा करा.

गवतवाली:
वरच्या अंगाला झाडं लावूच नका. आईंनी सांगितलेली फुलं सीतेची आसवं, गेंद अशी असणार. ती पातळ मातीच्या ओल्या कातळावरच येतात, सावलीत नाही. कातळाचा जो तुकडा शाबूत असेल त्यावर माती टाकू नका, एवढं केलंत तरी पुष्कळ. उरलेल्या चुऱ्यावर शेजारच्या सड्यावरचं (कातळाच्या पठारावरचं) पिकलेलं गवत बियांसकट कापून नुसतं अंथरा. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२० मध्ये खाणपट्ट्यांत अट घालायला सांगितली ती खाण संपल्यावर पुन्हा गवत वाढवण्याची. आपण मात्र झाडांचे आकडे मोजतो.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. जेसीबीवाल्याशी बोललो, सध्या २० गुंठेच फोडतोय. वरचा कातळ जवळून पाहिला, एका कडेला ५-६ गुंठे अजून शाबूत आहे, तिथे हात लावत नाही. आईने करवंदाच्या बिया राखेत घालून वाळवायला ठेवल्या होत्या, तिला हा धागा वाचून दाखवला. आता एकच विचारायचंय: जी ३१ जगली आहेत, त्यांच्याभोवतीची जमीन फोडली तर मुळं दुखावतील. किती अंतर सोडू?